एकशे अठ्ठ्याऐंशी, शून्य

यूडेव्ह या प्रोग्रॅमला मी कित्येक वर्षं विरोध केला. लिनक्समध्ये यंत्र जोडलं की डेव्ह या डिरेक्टरीत सहसा त्याची एक फाइल असते. ती एमकेनॉडची आज्ञा देऊन आपल्या हातानं करावी, असं माझं ठाम मत. अशा फाइलींची यादी काढली, की एरवी जिथे आकार दिसतो तिथे दोन आकडे दिसतात. पहिल्यावरून ड्रायव्हर कळतो, दुसऱ्यावरून त्याच्या हाताखालचं कितवं यंत्र ते. यूएसबी सिरियलचा पहिला आकडा १८८. इतकं स्वच्छ असताना मध्ये आणखी एक सतत जागा राहणारा प्रोग्रॅम कशाला? २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यूडेव्ह आणलं, तेव्हा यंत्रांना नावं देणं हे कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम नाही, असं ते सांगत होते. मला ते पटलं नव्हतं.

मत फिरलं ते एका दूध संकलन केंद्रावर. तिथला संगणक मीच बसवून दिला होता. वजनकाटा आणि फॅटचं मशीन, दोन्ही एकाच जातीच्या स्वस्त यूएसबी केबलींनी जोडलेली. १८८, ० म्हणजे काटा. १८८, १ म्हणजे फॅट. फाइली मी स्वतः केल्या होत्या, म्हणून निर्धास्त होतो. एका पहाटे वीज गेली, परत आली, संगणक पुन्हा सुरू झाला. सहाच्या सुमारास एका मावशींनी पावती पुढे धरली.

"दादा, बारा लिटर घातलं ना मी. हितं चारच कसं?"

पावतीवर दूध ४.१, फॅट १२.

फाइली जागच्या जागी होत्या. पण ० हा आकडा काट्याचा कधी नव्हताच. जे आधी सापडेल त्याला कर्नल ० देतं, आणि त्या पहाटे फॅटचं मशीन आधी सापडलं. मी ज्याला ओळख समजत होतो तो रांगेतला नंबर होता. मावशींचा हिशेब लगेच दुरुस्त केला. पण त्या विचारायच्या राहिल्या असत्या तर, हे मला अजून खुपतं.

त्याच दुपारी यूडेव्हचे नियम लिहायला बसलो. यंत्र जोडल्याची वर्दी कर्नल देतं, यूडेव्ह त्याची माहिती नियमांशी ताडून पाहतं आणि आपण ठरवलेल्या नावाची लिंक करतं. केबलला सिरियल नंबर असता तर तोच धरला असता. या केबलींना तो नव्हता, म्हणून नाव पोर्टाला बांधलं आणि काट्याच्या पोर्टावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ही पळवाटच, आणि ती मला आवडत नाही. माझ्या जुन्या हट्टातलं थोडं खरंही होतं: २००९ च्या कर्नल २.६.३२ पासून डेव्हटीएमपीएफएस ही सोय आली आणि मूळ फाइल कर्नल स्वतःच करू लागलं. पण कुणाला काय म्हणायचं आणि कुणाला हात लावू द्यायचा, हे यूडेव्हकडेच राहिलं. ते तिथेच असायला हवं, असं आता मी म्हणतो.

संध्याकाळच्या दुधाआधी मी पाच वेळा वीज बंद-चालू केली. दोनदा ० फॅटच्या मशीनकडे गेला. 'काटा' नावाची लिंक पाचही वेळा काट्याकडेच होती.