ऱ्हाईनकाठचे निधर्मी राज्य

पॅरिसला माझा भाचा राहतो. त्याच्या शेजारचा शीख मुलगा रोज सकाळी पटका बांधून शाळेला निघे. शाळा मात्र कॅथलिक! मी चकित झालो. भाचा म्हणाला, "मामा, सरकारी शाळेत त्याला पटका उतरवावा लागेल." २००४ च्या कायद्याने तेथील सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हांना बंदी आहे, खासगी शाळांना तो कायदा लागू नाही. निधर्मी राज्यात शिखाचा पटका सांभाळावा तो पाद्र्यांनी! असो. १९०५ साली फ्रान्सने चर्च आणि सरकार यांची फारकत केली, सरकार कोणत्याही पंथाला पगार देत नाही, एवढे ज्ञान गाठीला बांधून मी स्ट्रासबुर्गची गाडी धरली.

दोन तासांच्या आत ते ज्ञान पाण्यात गेले.

तेथले कॅथीड्रल गुलाबी दगडाचे, एकाच उंच मनोऱ्याचे. ते दाखवणाऱ्या बाई सहज बोलून गेल्या की, इथल्या बिशपची नेमणूक पोपच्या संमतीने पण फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष करतात. कॅथलिक, दोन प्रॉटेस्टंट पंथ आणि यहुदी यांच्या धर्मगुरूंना पगार सरकारी तिजोरीतून. मुसलमानांचे इमाम त्या यादीत नाहीत. यादी नेपोलियनच्या काळातली. सरकारी शाळेत धर्माचा ताससुद्धा! कारण मोठे गमतीचे आहे. १९०५ साली हा अल्सास प्रांत जर्मनीकडे होता. १९१८ नंतर तो परत आला, पण आपले जुने कायदे घेऊनच आला. २०१३ साली फ्रान्सच्या घटना परिषदेनेही या पगारांना मान्यता दिली.

"आणि ज्यांना धर्माचा तास नको?" मी विचारले.

"पालकांनी चिठ्ठी द्यायची. तुमच्याकडे कसे असते?"

आता मी मराठीचा प्राध्यापक, शब्दांवर घसरलो. १९७६ साली आमच्या उद्देशिकेत 'सेक्युलर' आला, त्याला मराठीत धर्मनिरपेक्ष, हिंदीत पंथनिरपेक्ष, भाषणांत सर्वधर्मसमभाव, असे बरेच सांगितले. शिर्डीच्या संस्थानावर आमचे सरकार विश्वस्त नेमते, हेही सांगितले. बाई हसल्या.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही. आमच्या महाविद्यालयात दरवर्षी सरस्वतीपूजन होते. नारळ फोडण्याचा मान माझा. आमचे एक मुसलमान सहकारी तेवढा वेळ दाराबाहेर चपलांपाशी उभे असतात. मग पेढा घेतात, "छान झाले, सर," म्हणतात. त्यांना आत यायचे नसते, की आम्हीच कधी बोलावले नाही, हे मी पंधरा वर्षांत विचारलेले नाही. आमच्याकडे चिठ्ठीची सोय नाही.