मिरजेहून, आईच्या विसरण्याबद्दल



बर्फातला तुझा फोटो मिळाला. टोपी आणि नाकाचा शेंडा एवढंच दिसतंय, तरी तूच आहेस हे लगेच कळलं. टोपीतून एक बट मुद्दाम बाहेर काढून मिरवणारी दुसरी कोण असणार! फोटोखाली तू एकच ओळ लिहिलीस, काकूंना नेमकं काय झालंय ते नीट कळव. फोनवर सांगता येत नव्हतं गं. आई शेजारीच बसलेली असते आणि तिचे कान अजून तिखट आहेत. म्हणून हे पत्र. चहा करून बस, लांबणार आहे.

तुला सांगते, आईला अल्झायमर आहे. हे एकदा लिहून टाकलं, आता बाकीचं मोकळेपणानं सांगता येईल.

पहिल्यांदा बिघडला तो हिशोब. सहकारी बँकेच्या कॅश खिडकीवर आयुष्य काढलेली, एक रुपया जुळला नाही तर जेवायला घरी न येणारी आपली आई. तिनं दूधवाल्याचं एका महिन्याचं बिल दोनदा दिलं. मग गोड्या मसाल्यात दगडफूल राहिलं. मग एकाच बैठकीत तुझ्या लग्नातली ती जिलबीची गोष्ट तीनदा सांगितली, तितक्याच उत्साहानं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, साठी बुद्धी नाठी, चालायचंच. त्या म्हणीची मला चीड आहे. तिच्यापायी किती घरांत माणसं डॉक्टरकडे पोचतच नाहीत! एखादं नाव ओठांवर येऊन अडावं आणि संध्याकाळी भाजी चिरताना एकदम आठवावं, हे वयाचं असू शकतं. पण दहा मिनिटांपूर्वीचं बोलणं आठवण करून दिल्यावरही ‘असं कधी झालं?’ म्हणून परकं वाटावं, हे वयाचं नव्हे. डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच आम्हाला हा फरक समजावला. आपल्याला तो शाळेत का शिकवत नाहीत कोण जाणे.

आता गंमत ऐक. तपासणीला जी चाचणी घेतली ती तुझ्या गावची निघाली! मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट. सगळे तिला ‘मोका’ म्हणतात. २००५ पासून वापरात आहे. तीस गुणांची, दहा मिनिटांची, आणि बारावीपर्यंतच किंवा त्याहून कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून देणारी. तू तिथे इतकी वर्षं राहून मेपल सिरपखेरीज मला काही कळवलं नाहीस, आणि मिरजेच्या दवाखान्यात तुझं गाव मला असं भेटलं.

डॉक्टर तरुण होते, मराठी सांगलीकडचं. त्यांनी आईला शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. पाच उत्तरं पुरतात. आई त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट करत थांबलीच नाही. डॉक्टर ‘बास, बास’ म्हणतायत आणि ही नोटा मोजल्यासारखी बोटं हलवत खाली खाली येतेय. थेट दोनवर येऊन म्हणाली, ‘दोन शिल्लक. सही कुठे करू?’ वहिनी आणि मी हसू आवरत होतो. डॉक्टर मात्र मोकळेपणानं हसले.

मग महिना विचारला. ‘भाद्रपद असणार,’ आई म्हणाली, ‘येताना गौरीचे मुखवटे विकायला बसले होते.’ उत्तर बरोबर होतं. पण डॉक्टरांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं की ती आठवण नव्हती, अनुमान होतं. हुशार माणसं अशा अनुमानांवर बराच काळ निभावून नेतात, आणि घरच्यांना सगळं ठीक वाटत राहतं. साल तिनं १९९२ सांगितलं होतं.

सुरुवातीला ऐकवलेले पाच शब्द थोड्या वेळानं परत विचारले. एकही नाही आला. खुणा दिल्या, तरी नाही. आणि घड्याळ. वर्तुळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती. वर्तुळ देखणं काढलं, आकडे मात्र सगळे उजव्या अंगाला दाटीवाटीनं बसवले. डावी बाजू रिकामी. तिनं कागद दूर धरून पाहिला आणि ठामपणे म्हणाली, ‘घड्याळ बरोबर आहे, कागद लहान दिलाय.’ मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तुला वेगळं सांगायला नको.

पण अशा चाचणीवरून कुणी लगेच शिक्का मारत नाही, हे मला फार आवडलं. विसरण्याची कारणं ढीगभर असतात आणि त्यांतली काही चक्क बरी होतात. थायरॉइड कमी पडलेलं असतं. रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं. मनानं खचलेला माणूसही सगळं विसरतो, आणि औदासीन्यावर उपचार झाले की पुष्कळसं परत येतं. डोक्याला मार लागून आत हळूहळू रक्त साकळतं, घरच्यांना पडल्याचं आठवतसुद्धा नसतं. मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठलं तर माणूस पाय जमिनीला चिकटल्यासारखा चालतो, लघवीवर ताबा राहत नाही आणि विसरायला लागतो. वेळेत नळी बसवून ते पाणी पोटात वळवलं तर असा माणूस सुधारू शकतो. कधी झोपेच्या गोळ्यांनी डोकं मंदावतं, कधी सर्दीच्या. म्हणून डॉक्टरांनी आईच्या सगळ्या गोळ्या मागवल्या. वहिनीनं भाजीच्या पिशवीत भरून नेल्या. त्यांत माझ्या लग्नाच्या वेळचं खोकल्याचं औषधही होतं, झाकण घट्ट बसलेलं. आई म्हणाली, ‘टाकू नका, चांगलं आहे.’

तिचं बी-१२ फार कमी निघालं. आपण शाकाहारी, त्यात ती मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारी. दोन्हींनी ते उतरतं. इंजेक्शनं सुरू झाली आणि महिन्याभरात चालणं सावरलं, हातापायांच्या मुंग्या गेल्या, चेहऱ्यावर तरतरी आली. मला किती आशा वाटली म्हणून सांगू! पण आठवण काही परत आली नाही. मग एमआरआयमध्ये हिपोकॅम्पस आक्रसलेला दिसला, मेंदूच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे असतो तो. सगळं जुळवून डॉक्टरांनी निदान सांगितलं. आईच्या समोर, तिच्याकडे बघून, आवाज न चढवता. तिनं विचारलं, ‘म्हणजे मी तुम्हाला विसरणार?’ ते म्हणाले, ‘मी दर वेळी नाव सांगेन.’ त्या माणसाबद्दल मला आदर वाटतो तो ह्या वाक्यासाठी.

घरी येऊन मी वाचत सुटले, आणि पुन्हा तुझं गाव भेटलं. ब्रेंडा मिल्नर तुला माहीत आहेत का? मॉन्ट्रियलच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमधल्या संशोधक, शंभरी ओलांडलेल्या. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये हेन्री मोलेसन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. फेफऱ्यानं हैराण झाला होता बिचारा. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंचा हिपोकॅम्पसचा बराच भाग काढून टाकला. फेफरं कमी झालं, बोलणं आणि बुद्धी शाबूत राहिली, बालपणही आठवत होतं. पण नवीन काही टिकेनाच. मिल्नरबाई वर्षानुवर्षं त्याला भेटत राहिल्या आणि त्याच्यासाठी प्रत्येक भेट पहिलीच होती. आईच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर आवक खिडकी बंद पडली होती, जुन्या खतावण्या मात्र आतल्या कपाटात जागच्या जागी होत्या.

आणि ऐक, मी सगळ्यात हलले ते ह्यानं. बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. कठीण असतं ते, हात उलटाच जातो. रोज तो म्हणे की हे मी कधी केलेलंच नाही, आणि रोज त्याचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईनं चाले. म्हणजे हाताला आठवत होतं! आठवण ही एक वस्तू नाही, मेंदूत तिची निरनिराळी घरं आहेत, हे जगाला तिथून कळलं. हेन्री २००८ मध्ये गेला, ब्याऐंशी वर्षांचा होऊन. तोवर पुस्तकांत त्याची फक्त आद्याक्षरं छापली जायची. हे वाचलं आणि आईला स्वयंपाकघरातून बाहेर बसवण्याचा आमचा बेत मी मोडीत काढला. गॅसचा मुख्य नळ वहिनीच्या ताब्यात, पण पुरण वाटायला, पोळ्या लाटायला आई. पोळी अजून तशीच फुगते. पीठ कधी मळलं ते तिला ठाऊक नसतं एवढंच.

आता औषधाचं. डोनेपेझिल सुरू आहे. आधी ईसीजी काढला, कारण त्यानं नाडी मंदावू शकते. पहिले काही दिवस मळमळलं, मग सोसलं. आजार त्यानं थांबत नाही, थोडा काळ लक्ष बरं राहतं. आणि तो थोडा काळ मला हवाय. तू लेकॅनेमॅबची बातमी पाठवली होतीस ना? अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली. मेंदूत साठणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन ते उपसून काढतं. पण गेलेलं परत आणत नाही. दीड वर्षाच्या चाचणीत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी हळू झाली, इतकंच. चाचणीत ते दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून दिलं होतं, आणि मेंदूला सूज येते का, रक्तस्राव होतो का, म्हणून परत परत एमआरआय. आई रक्त पातळ ठेवायची गोळी घेते, त्यामुळे तिच्या बाबतीत धोका जास्त. डॉक्टर नको म्हणाले, मलाही पटलं. म्हणून तू आता पेटीत औषधं भरून आणायचा विचार सोड, चॉकलेटं आण.

खरं औषध आमच्या घरात वहिनी आहे. संध्याकाळ झाली की आई पदर खोचून उठते, ‘चला, घरी जायचंय.’ घर म्हणजे तासगावचं माहेर. पहिल्यांदा दादा समजावत बसायचा की आई, हेच आपलं घर, आणि ती जास्तच चिडायची. वहिनी काही बोलत नाही. चप्पल घालते, आईचा हात धरते, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाते, तिथे दोघी भडंग घेतात आणि परत फिरतात. दार उघडून वहिनी म्हणते, ‘आलं बघा घर.’ आई सुस्कारा टाकून म्हणते, ‘फार लांब पडतं बाई.’ बाबांबद्दल विचारते तेव्हा आम्ही ते गेल्याचं सांगत नाही. सांगितलं तर तिला ते दर वेळी नव्यानं ऐकावं लागतं. ‘बाबांना चहा कसा लागायचा गं?’ असं विचारलं की ती आल्याच्या चहाबद्दल पंधरा मिनिटं बोलते. ‘अस्तु’ सिनेमा पाहिलायस ना, मोहन आगाशे हत्तीच्या मागे निघून जातात तो? पाहिल्यापासून आईच्या ब्लाउजला आतून दादाचा फोन नंबर शिवलाय.

वहिनीला मात्र आम्ही रविवारी सुट्टी देतो, सक्तीनं. सांभाळणारं माणूस आधी थकतं, आणि त्याचं कुणी विचारत नाही. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला; त्या प्रत्येकामागे अशी एक वहिनी नाहीतर लेक उभी असणार. मिरजेत दवाखाने गल्लोगल्ली, पण अशा माणसांना दिवसभर प्रेमानं सांभाळणारी जागा मला जवळपास सापडली नाही. ती व्हायला हवी, आणि मी त्यासाठी लोकांच्या मागे लागलेय. तू ओळखतेसच मला.

आता तुझ्याबद्दल. आई तुला विसरलेली नाही. परवा तुझा आवाज स्पीकरवर ऐकून म्हणाली, ‘हिला सांग, भिशीचे पैसे राहिलेत.’ कुठली भिशी देव जाणे, पण तू दे.

आणि शेवटी काकांचं, तुझ्या बाबांचं. मागे तू सहज लिहून गेलीस की बाबा तेच तेच विचारतात, ऐकूही कमी येतं, वय झालं. सखे, ते ‘वय झालं’ मला टोचलं. ऐकू कमी येणं हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या कारणांत मोडतं, आणि त्यावर इलाज आहे. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं अशी चौदा कारणं मोजली आहेत. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा ही त्यांतलीच. ती आयुष्यभर आवरली तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असं ते म्हणतात. कदाचित काकांना प्रश्नाचं उत्तरच ऐकू येत नसेल, म्हणून ते परत विचारत असतील! कदाचित बी-१२ असेल. कदाचित आईसारखंच असेल. पण बघितल्याशिवाय कसं कळणार? एक मात्र ध्यानात ठेव, एखाद-दोन दिवसांत अचानक बरळायला लागले तर त्यामागे जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना.

तू मे महिन्यात येशील, तोवर थांबू नकोस. आज रात्रीच तुझ्या भावाला फोन कर. काकांचे कान तपासायला सांग, बी-१२ आणि थायरॉइड करायला सांग, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्यायला सांग. तो कामाचं निमित्त काढेलच, तेव्हा म्हणावं मी येते बरोबर. सांगलीला मला अर्धा तास लागतो. अडलं तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. तारीख ठरली की मला कळव.

तुझीच