खड्डा आमचा, हजेरी सरकारची

1990 साली महाराष्ट्र सरकारनं रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड दिली, तेव्हा सांगोला तालुक्यातलं आमचं रान म्हणजे नुसता मुरमाड माळ. ज्वारी झाली तर झाली. आई-अण्णा त्याआधीही रोजगार हमीवर जायचेच. खडी फोडायला, नाहीतर पाझर तलावाच्या मातीवर. चूल पेटायची, पण काम संपलं की मागं आपलं असं काही उरत नसे. आता त्याच मजुरीवर स्वतःच्या रानात खड्डे घ्यायचे होते.

खड्डा दोन फूट लांब, तितकाच रुंद नि खोल. वरची माती एका अंगाला, मुरूम दुसऱ्या अंगाला. तळात पालापाचोळा, मग शेणखत नि वरची माती. रोपं गणेश डाळिंबाची. अनुदान एकदम हातात पडत नसे; तीन वर्षांत, झाडं जगतील तसं मिळायचं. योजनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट मला हीच अट वाटते. पहिल्या उन्हाळ्यात आईनं घागरीनं पाणी घालून रोपं तगवली. एक हप्ता रखडला, अण्णांनी तालुक्याला खेटे घातले, पण झाडं वाळू दिली नाहीत. पुढं राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा भगवा वाण आला, ठिबक आलं, आणि त्या बागेच्या जिवावर मी इंजिनिअर झाले.

आता बंगळूरला एचएसआर लेआउटमध्ये राहते. हातगाडीवर भगव्याचा ढीग दिसला की दर विचारल्याशिवाय पाय पुढं पडत नाही. त्याच आठवड्यात भावाला जागेवर मिळालेला दर त्याच्या निम्माही नसतो. भाडं, हमाली, अडत, घट सगळं कळतं. तरी पोटात तुटतं.

इथं हॉपकॉम्सची दुकानं आहेत. फलोत्पादन खात्याच्या एम. एच. मरिगौडांच्या पुढाकारानं 1959 मध्ये द्राक्ष बागायतदारांची सहकारी संस्था म्हणून हॉपकॉम्सची सुरुवात झाली. पुढं इतर फळं नि भाज्याही आल्या. शेतकऱ्याचा माल संस्था घेते आणि आपल्याच दुकानांतून विकते. दर पाटीवर लिहिलेला. दहा मिनिटांत भाजी घरपोच देणाऱ्या ॲपांपुढं अशा दुकानांचा टिकाव लागणं अवघड झालंय. मी मात्र शक्यतो तिथूनच घेते. आमच्या योजनेनं खड्डा घेण्यापासून झाड जगेपर्यंत हात धरला. फळ उतरवल्यावर अण्णा व्यापाऱ्यापुढं एकटेच उभे असायचे. हॉपकॉम्सचं काम नेमकं तिथून सुरू होतं. ही दोन टोकं एकाच खात्यानं जोडली असती, तर सांगोल्यात किती घरं आणखी वर आली असती!

तेल्या रोगानं अण्णांची बाग काढावी लागली. भावानं नव्यानं लागवड केलीय, आणि आजूबाजूच्या बागायतदारांना घेऊन शेतकरी उत्पादक कंपनी काढायचं चाललंय. प्रतवारी, पॅकिंग गावातच करून माल थेट बंगळूरला पाठवायचा बेत आहे. इथं कोणत्या आकाराचं फळ खपतं, कोणत्या सणाला मागणी चढते, हे मी त्याला कळवत असते. पहिली गाडी आमच्या सोसायटीच्या गेटवर लावायची. तिची परवानगी काढायचं काम माझ्याकडे आहे.