डीअर लेकच्या टेकडीवर

न्यू जर्सीहून सकाळी गाडी निघाली तेव्हा आमच्यात बोलणे कमीच होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघे, म्हणजे नवरा-बायको आणि नववीतला मुलगा, आपाकडे अमेरिकेला गेलो होतो. मुलाने एकच हट्ट धरला होता: मुहम्मद अलींचा सरावाचा कॅम्प पाहायचा.

या हट्टामागे एक दुखणे होते. हिवाळ्यात तो बॉक्सिंगच्या वर्गाला जाऊ लागला. दुसऱ्याच आठवड्यात त्याला वयाने आणि वजनाने बऱ्याच मोठ्या मुलासमोर रिंगणात उभे केले गेले. डोळा सुजला, दोन दिवस डोके दुखत राहिले. त्याच्या अम्मीने वर्ग बंद केला. तेव्हापासून घरात हा विषय निघाला की मुलगा उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

दुल्हेभाई गाडी चालवत होते. डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया राज्य लागते. तिथेच ईस्टन नावाचे गाव आहे. “हे लॅरी होम्सचं गाव. नाव लक्षात ठेव, पुढे लागेल,” दुल्हेभाई मुलाला म्हणाले. मग मोठा हमरस्ता सोडून आम्ही उत्तरेला वळलो. दोन्ही बाजूंना हिरव्या टेकड्या सुरू झाल्या.

डीअर लेक ही छोटीशी वस्ती. 1972 साली अलींनी इथल्या टेकडीवर आपला कॅम्प उभारला. शहराची गडबड नाही, फक्त झाडे आणि ओंडक्यांची घरे. आवारात मोठमोठे धोंडे ठेवले आहेत आणि त्यांवर जुन्या मुष्टियोद्ध्यांची नावे रंगवली आहेत. जो लुई, रॉकी मार्सियानो ही नावे आम्ही वाचली. अलींचे वडील पाट्या रंगवण्याचे काम करीत. ही अक्षरे त्यांच्याच हातची. एका बाजूला लाकडाचीच लहानशी मशीद आहे. घाम गाळायची जागा आणि सजद्याची जागा यांत चार पावलांचे अंतर. आम्ही तिथे थोडा वेळ गप्प उभे राहिलो.

मग सरावाच्या खोलीत गेलो. रिंगण, लटकणारी बॅग, भिंतींवर फोटो. अली पहाटे धावत, दोरीवरच्या उड्या मारीत, बॅगवर ठोसे मारीत. पण बॅग उलटून मारत नाही. त्यासाठी समोर माणूस लागतो. सामन्याआधी साथीदाराशी खऱ्यासारखे लढून पाहणे, यालाच स्पॅरिंग म्हणतात. हातमोजे सामन्यातल्यापेक्षा जाड, डोक्याला हेडगार्ड, दातांत रबरी पट्टी. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती. साथीदारही विचार करून निवडतात. प्रतिस्पर्धी बुटका आणि डाव्या हाताने घाव घालणारा असेल, तर तसाच साथीदार शोधतात. सामना जवळ आला की स्पॅरिंग थांबवतात, म्हणजे अंग ताजे राहते.

आम्हा मास्तर मंडळींना हे लगेच उमगले. ही सराव परीक्षाच. तिचे गुण गुणपत्रिकेत येत नाहीत. कुठे चुकते ते कळावे, एवढाच तिचा उपयोग.

“अब्बा, म्हणजे स्पॅरिंगमध्ये जिंकायचं नसतं?” मुलाने कित्येक महिन्यांनी आपणहून विषय काढला.

“नाही बेटा. तिथे शिकायचं असतं. आणि समोरच्यालाही शिकू द्यायचं असतं.”

सरावातही धोका असतोच. 1974 साली किन्शासा इथे अली आणि जॉर्ज फोरमन यांचा सामना 25 सप्टेंबरला ठरला होता. आठवडाभर आधी स्पॅरिंग करताना साथीदाराचे कोपर लागून फोरमनच्या डोळ्यावर खोक पडली. सामना थेट 30 ऑक्टोबरवर गेला. अलींनी तो आठव्या फेरीत जिंकला. दोरांना टेकून फोरमनचे ठोसे अंगावर घेत त्यांनी त्याला दमवले होते.

मात्र ठोसे झेलण्याची ही सवय अलींना सरावातही होती. साथीदारांना ते खुशाल मारू देत, शरीर कणखर होईल म्हणून. दंड मेहनतीने कणखर होतो, मेंदू होत नाही. हेडगार्डने खोक टळते, आतला हादरा थांबत नाही.

आता दुल्हेभाईंनी ईस्टनची आठवण करून दिली. लॅरी होम्स हा याच कॅम्पमधला अलींचा तरुण स्पॅरिंग साथीदार. इथेच मार खात तो शिकला. 2 ऑक्टोबर 1980 रोजी लास व्हेगासमध्ये तोच 38 वर्षांच्या अलींसमोर विजेता म्हणून उभा राहिला. दहाव्या फेरीनंतर अलींच्या प्रशिक्षकाने सामना थांबवला. जिंकूनही होम्स रडला. चार वर्षांनी अलींना पार्किन्सन्सचे निदान झाले. त्यामागे डोक्यावरचे ठोसे असावेत, असे अनेकांना वाटते. सामन्यांतले ठोसे जगाने पाहिले. या खोलीतले कोणी मोजले नाहीत.

मुलाची अम्मी रिंगणाच्या दोराला हात लावून उभी होती. ती म्हणाली, “मी तुला खेळ बंद करायला सांगितलं. खरं तर विचारायला हवं होतं, की समोर कोणाला उभं करतात आणि किती वेळ.”

मुलगा म्हणाला, “मीही डोकं दुखतंय ते तुम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं, अम्मी.”

परतल्यावर आम्ही तिघे मिळून वर्गाच्या सरांना भेटलो. जोडीदार वजनाने आणि वयाने बरोबरीचा हवा. वर्षभर डोक्यावर ठोसा नाही. डोके दुखले तर त्याच क्षणी सांगायचे आणि डॉक्टर म्हणेपर्यंत रिंगणात पाऊल टाकायचे नाही. सरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग मान्य केले.

सध्या तो फजरनंतर गच्चीवर दोरीच्या उड्या मारतो. खाली स्वयंपाकघरात त्याची अम्मी चहा टाकता टाकता त्या मोजते.