हळदीचे नमुने घेऊन दुबईला

नांदेडची हळद आणि लातूरची तूरडाळ यांचे नमुने घेऊन आम्ही चौघे व्यापारासाठी दुबईला जाऊन आलो. मुंबईहून विमानाने तीन तासांचा प्रवास. देरा भागातल्या मसाल्याच्या बाजारात भावाची बोलणी हिंदीतच झाली. १९६६ पर्यंत दुबईत व्यवहार रुपयांतच होत. त्याच वर्षी तिथे तेल सापडले आणि बंदराचे गाव झपाट्याने वाढले. आज तिथे ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफा उभा आहे.

हे सारे बांधणारे हात आम्हाला सोनापुरात भेटले. शहराच्या कडेची ही कामगारांची वसाहत. नावात सोने, खोलीत मात्र एकावर एक खाटा. मुखेडकडचा एक मुलगा भेटला. नववीत शाळा सुटलेली. दलालाने सव्वा लाख घेतले, त्यापायी आईचे दागिने गहाण पडले. दोन वर्षे झाली, ते अजून सुटले नाहीत.

जायचे त्यांनी जरूर जावे, पण माहिती करून. दहावी पास नसलेल्याला तिथे कामाला जाताना १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारची परवानगी काढावी लागते. दहावी पासला ती लागत नाही. एजंट सरकारी नोंदणीचाच पाहावा. त्याला ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. पासपोर्ट आपल्याजवळच ठेवावा. आणि ज्याची शाळा सुटली आहे, त्याच्याकडून आधी १७ नंबरचा फॉर्म भरून घ्यावा. दहावी बाहेरूनही देता येते.