सुरईतले पाणी

माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त पॅरिसला असतो. गेल्या वर्षी त्याने मला महिनाभर तिकडे बोलावून घेतले. मी महापालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली बाई. माझा प्रवास तोवर नागपूर, महाड आणि सासर-माहेर एवढाच.

एके दिवशी मुलगा म्हणाला, "आई, आज बाहेर जेवू." मी घाबरलेच. फ्रेंच हॉटेल म्हणजे काटे-चमचे, मेणबत्त्या आणि हळू आवाजात बोलणारी बडी माणसे, अशी माझी समजूत. पण त्याने मला नेले ते 'बुयाँ शार्तिए'मध्ये. फोबूर मोंमार्त्र नावाच्या रस्त्यावर एका बोळातून आत जायचे. बाहेर रांग होती. आम्हीही उभे राहिलो.

रांगेत मुलाने माहिती सांगितली. बुयाँ म्हणजे मांसाचे पातळ सूप, आपल्या आळणीसारखे. एकोणिसाव्या शतकात द्युव्हाल नावाच्या खाटकाने पॅरिसच्या कष्टकऱ्यांना गरम आळणी आणि मांसाचे जेवण स्वस्तात द्यायला सुरुवात केली. पुढे अशा खानावळींना बुयाँ हेच नाव पडले. ही खानावळ १८९६ साली निघाली. १९८९ मध्ये ऐतिहासिक वास्तू म्हणून तिची नोंद झाली.

आत उंच छत, मोठे आरसे, कोट-टोप्या ठेवायला पितळी मांडण्या. भिंतीत लहान लहान लाकडी खण होते, त्यांवर आकडे. रोज जेवायला येणारे लोक पूर्वी आपापले रुमाल त्यांत ठेवत. कष्टकऱ्याच्या रुमालालाही जागा होती, हे मला फार आवडले.

काळे जाकीट आणि लांब पांढरा एप्रन घातलेल्या वेटरने टेबलावरच्या कागदावरच आमची ऑर्डर लिहिली. उकडलेल्या अंड्यावर मेयोनीज, भाजलेली कोंबडी, बटाट्याचे तळलेले काप आणि टोपलीभर पाव. मिरचीचे नाव नाही, पण कोंबडी चवदार होती.

तिथे जागा रिकामी दिसली की अनोळखी माणसालाही त्याच टेबलावर बसवतात. आमच्या शेजारी एक म्हातारी फ्रेंच बाई येऊन बसली. टेबलावर पाण्याची एकच काचेची सुरई. जेवणाबरोबर मागितले तर नळाचे पाणी फुकट द्यावेच लागते, असा त्या देशाचा नियम आहे. बाईने सुरई उचलली, आधी माझा ग्लास भरला, मग स्वतःचा.

माझा हात नकळत मागे आला होता.

मी सहा-सात वर्षांची असताना वडील मला बाजाराला घेऊन गेले होते. हॉटेलाच्या वळचणीला आपल्या लोकांसाठी कान तुटलेला कप ठेवलेला असे. वडिलांनी तो विसळला, वरून ओतलेला चहा घेतला, बाहेर उकिडवे बसून प्याले, पुन्हा धुऊन जागेवर ठेवला. पाणी मागितले तर ओंजळ धरावी लागली. १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी ही गोष्ट घडली.

मी ग्लास उचलला. घोट लवकर उतरेना. मग बाईचा ग्लास रिकामा झाला तेव्हा मी सुरई उचलून तो भरला. ती हसून "मेर्सी" म्हणाली.

निघताना मी मुलाला म्हटले, "इथे सगळे सारखेच की रे." तो म्हणाला, "असे नाही आई. इथल्या शहरातल्या कितीतरी हॉटेलांत आत भांडी घासणारी माणसे परदेशातून पोट भरायला आलेली असतात. त्यांना इथे बसून जेवणे कधी परवडते?" ते ऐकून मी गप्प झाले.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कचरा नेणारी बाई आली. तिने पाणी मागितले आणि माझा हात सवयीने खिडकीकडे गेला. तिथे तिच्यासाठी एक प्लास्टिकचा जुना ग्लास कित्येक वर्षांपासून ठेवलेला होता. तो कोणी ठेवला? आम्हीच. वडिलांची लेक म्हणवणाऱ्या मीच.

तो ग्लास मी तिच्याच गाडीत टाकला. तिला आत बोलावले, घरातल्या स्टीलच्या तांब्यातून आमच्याच पेल्यात पाणी दिले. पिऊन झाल्यावर ती पेला धुवायला मोरीकडे निघाली.

"राहू दे गं," मी म्हटले, "मी धुते."