चिठ्ठी आणि चौकशी

आमच्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याच्या चार वह्या आहेत. घरच्या मंडळींना त्या रद्दीत घालण्याची अधूनमधून हुक्की येते आणि आम्ही दर वेळी त्या वाचवतो. त्यांत कविता नाहीत की आठवणी नाहीत. वसई पूर्वेकडील गोखिवरे, वालीव, सातिवली या भागांतील कारखान्यांत कोणते काम असते, ते कोण करतो, आरंभी किती पगार मिळतो आणि माणूस ते काम का सोडून जातो, एवढाच मजकूर त्यांत आहे. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर मात्र कारखान्याचे नाव नाही. तेथे केवळ एक तारीख आहे. ती आमच्या चुकीची तारीख आहे.

१९९० नंतरच्या दशकात आम्ही एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवीत होतो. त्याबरोबर रोजगार मार्गदर्शन कक्षही आमच्या गळ्यात पडला. नाव भारदस्त असले, तरी प्रत्यक्षात ती जिन्याखालची एक खोली होती. तेथे एक टेबल आणि एक बातमीफलक. वर्तमानपत्रांतल्या जाहिराती कापून फलकावर डकवायच्या, अर्ज कसा लिहावा यावर वर्षातून एक व्याख्यान ठेवायचे आणि मुलाखतीला जाताना बूट पुसून जावे, असा उपदेश करायचा. आपण आपले कर्तव्य चोख बजावीत आहोत, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

१९९८ च्या पावसाळ्यात नुकतीच बी.कॉम. झालेली एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. वडील वाडीत राबणारे. घरात पदवीचे तोंड पाहिलेली ती पहिलीच. वालीवच्या एका कारखान्यात भांडार विभागात तिला काम मिळत होते.

“सर, जाऊ का?” तिने विचारले.

तो कारखाना आम्ही कधी पाहिला नव्हता. भांडार विभागात दिवसभर काय करतात, याची आम्हाला सुतराम कल्पना नव्हती. तरीही उत्तर द्यायला आम्हाला अर्धे मिनिटही लागले नाही. “कारखान्यात कसली जातेस? बँकेच्या परीक्षेला बस. जन्माचे कल्याण होईल.”

तिने आमचे ऐकले. तिच्या घरात शिक्षकाच्या शब्दाला मान होता.

आमच्या पिढीला बँकेची नोकरी म्हणजे घर, लग्न आणि म्हातारपण यांची एकत्रित तजवीज वाटे. पण आम्ही ज्या दाराकडे बोट दाखविले, ते तेव्हा आतून लोटले जात होते. संगणकीकरणाविषयी बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात १९९३ सालीच करार झाला होता. कारकुनांची नवी भरती आटत चालली होती. २००० साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि लाखभर माणसे घरी गेली. जेथून इतकी माणसे बाहेर पडत होती, तेथे आमच्या विद्यार्थिनीला कोण बोलावणार? पुढे २०११ पासून आय.बी.पी.एस.च्या सामायिक परीक्षेने भरतीला पुन्हा वेग आला. पण तोवर तिच्या वयाची अट केव्हाच उलटून गेली होती.

यातले काही गुपित नव्हते. ज्या वर्तमानपत्रांतून आम्ही जाहिराती कापीत होतो, त्यांतच हे सारे छापून येत होते. एखाद्या जाहिरातीच्या पाठीमागची ही बातमी आमच्याच कात्रीने दुभंगली असेल!

२००२ साली वसई रोड स्थानकाच्या पुलावर ती आम्हाला भेटली. घरी शिकवण्या घेत असल्याचे तिने सांगितले. आम्ही परीक्षांविषयी विचारले. “वय गेलं, सर,” ती म्हणाली. तिच्या स्वरात दोष नव्हता, आणि तेच आम्हाला अधिक लागले. वहीच्या पहिल्या पानावर त्या दिवसाची तारीख आहे.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही वालीवला गेलो. पहिल्याच फाटकावर रखवालदाराने आम्हाला आपादमस्तक न्याहाळले आणि “जागा नाही” म्हणून हात हलविला. उतारवयातला उमेदवार म्हणून त्याने आमची गणना केली होती! दुसऱ्या ठिकाणी व्यवस्थापकांपर्यंत पोहोचलो, तर त्यांनी हात पुढे केला. “द्या चिठ्ठी. कोणाचा मुलगा?” आम्ही चिठ्ठी आणली नाही, केवळ चौकशीला आलो आहोत, यावर त्यांचा विश्वास बसेना. शेवटी त्यांनी चहा मागविला आणि पुढचा तासभर तेच बोलत राहिले. त्यांच्याकडे येऊन हा प्रश्न आजवर कोणीच विचारला नव्हता.

त्या तासाने आणि पुढच्या अनेक शनिवारांनी आमचे डोळे उघडले. पहिली गोष्ट अशी की, बहुतेक जागांची जाहिरात होतच नाही. काम सोडून जाणाराच आपल्या भावाला, शेजाऱ्याला घेऊन येतो. रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळविण्याचे बंधन १९५९ च्या कायद्याने घातले होते. पण ते पंचवीस वा त्याहून अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांना. वसईच्या असंख्य गाळ्यांत तेवढी माणसेच नसत. शिवाय कळविलेल्या जागेवर कार्यालयाने पाठविलेलाच माणूस घ्यावा, अशी सक्तीही त्या कायद्यात नव्हती. सारांश, आमचा बातमीफलक ज्या नोकऱ्या दाखवीत होता, त्यांच्या कितीतरी पट नोकऱ्या त्याच्या नजरेआड भरल्या जात होत्या.

दुसरी गोष्ट भांडार विभागाची. तेथे आलेल्या मालाची नोंद, साठ्याचा हिशेब, खरेदीचा पाठपुरावा चाले. आम्ही जे वाणिज्य फळ्यावर शिकवीत होतो, ते तेथे प्रत्यक्ष नांदत होते. तेथून माणूस खरेदी विभागात, पुढे हिशेब तपासणीत जाई. आम्ही तिला परतवली ती या वाटेवरून.

तिसरी गोष्ट माणसे का सोडून जातात याची. व्यवस्थापक म्हणत, “मुले टिकत नाहीत.” मुलांना विचारले, तर कोणी रिक्षाचे भाडे पगाराला परवडत नाही म्हणून सोडलेले, कोणी रात्री पाळी सुटल्यावर परतीचे वाहन नाही म्हणून. दोन्ही बाजूंचे ऐकल्यावाचून वहीतले पान पुरे होत नसे.

चुका याही कामात झाल्या. एका मुलाच्या घरची ओढाताण पाहून, त्याची तयारी नसताना, आम्ही त्याची भरभरून शिफारस केली. तो आठवडाभरात परतला आणि त्या कारखान्याचे दार आमच्या पुढच्या विद्यार्थ्यांना वर्षभर बंद राहिले. आम्ही नकळत चिठ्ठीच दिली होती. चिठ्ठी एका मुलाचे भले करू पाहते आणि मागून येणाऱ्या दहा जणांची वाट अडविते. उलट एका मालकाने आमची ओळख झाल्यावर तीन महिने बिनपगारी ‘शिकाऊ’ मुले मागितली. तीन महिने भरले की पहिली तुकडी घरी आणि नवी तुकडी दारी. तिसऱ्या खेपेला आमच्या ते ध्यानात आले आणि आम्ही ते नाव वहीतून खोडले. मालकाशी स्नेह हवा. पण तो कोणासाठी, याचा विसर पडला की मार्गदर्शक आणि मजुरांचा मुकादम यांत अंतर उरत नाही.

आता आम्ही निवृत्त आहोत. शासनाचे राष्ट्रीय करिअर सेवा हे संकेतस्थळ २०१५ साली सुरू झाले. मुलांच्या हातातल्या फोनवर जाहिरातींचा पाऊस पडतो. फलकाची उणीव मुळीच नाही. पण गाळ्यातला दिवस कसा जातो आणि पाचव्या वर्षी माणूस कोठे पोहोचतो, हे कोणीतरी जाऊन पाहिल्याशिवाय फलकावर उमटत नाही, मग तो लाकडी असो वा काचेचा.

गेल्या महिन्यात ती आमच्या घरी आली. केस पांढरे होऊ लागलेले, सोबत मुलगी. मुलगी यंदा पदवीधर झाली असून भिवंडीच्या एका गोदामात मालाच्या नोंदी पाहण्याचे काम तिला देऊ केले आहे. बोलता बोलता आई हसून म्हणाली, “सर, या वेळी आधी चौकशी करा, मग सांगा.”

आम्हीही हसलो, पण मान खाली घालूनच. कपाटातून चौथी वही काढली. वसईहून भिवंडीला दिव्याच्या गाडीने जाता येते. पण त्या मार्गावर गाड्या मोजक्याच. सकाळची गाडी चुकली तर काय, संध्याकाळी काम किती वाजता सुटते, मागची मुलगी का गेली, असे एकेक प्रश्न आम्ही लिहून काढले. उत्तरांच्या जागा कोऱ्या ठेवल्या. येत्या मंगळवारी सकाळच्या गाडीने आम्ही तिघे भिवंडीला जाणार आहोत.